मदत हवी आहे: मुंग्यांवरच्या प्रयोगातली मोजणी
सातवीच्या मुलांना प्रश्न, अंदाज, चाचणी हे सगळं मुंग्यांवरून शिकवतोय. कागदाच्या एका टोकाला साखरेच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या टोकाला मिठाच्या पाण्याचा, आणि ठरावीक वेळाने मोजणी. अडचण अशी की एका मुंगीला गोड थेंब सापडला की परतताना ती गंधाची वाट आखते आणि बाकीच्या तिच्यावरूनच येतात. म्हणजे वीस मुंग्या जमल्या तरी ती वीस स्वतंत्र मतं नव्हेत! (मुलं मात्र ‘सिद्ध झालं’ म्हणून मोकळी.) थेंबांच्या जागा बदलायच्या आणि दर फेरीला नवा कागद, एवढंच सुचलंय. साध्या पाण्याचा तिसरा थेंबही ठेवावा का? की सरळ पिठातल्या अळ्या घेऊन उजेड-अंधार तपासावा? त्या निदान एकेक करून सोडता येतात. वर्गात कुणी केलंय का हे? चावऱ्या मुंग्या सोडून काहीही सुचवा.