मदत हवी आहे: मोल्सवर्थ या आडनावाचा अर्थ काय?

ताकभात: लोकहो, अर्जंट. मोल्सवर्थ म्हणजे काय? गूगलून डोकं उठलंय. शनिवारच्या आत हवंय.

निवृत्त मास्तर: कोणता मोल्सवर्थ? मराठी-इंग्रजी कोशवाला? आणि कशासाठी?

पाटावरवंटा: कोश ऑनलाइन फुकट आहे. विकत घेऊ नका.

ताकभात: अहो, कोश घरी आहे, आजोबांचा. पुठ्ठा सुटलाय, 'प'ची पानं दोऱ्याने बांधलीत. मला आडनावाचा अर्थ हवाय!

उंबरठा: सोपंय. मोल म्हणजे किंमत, वर्थ म्हणजेही किंमत. कोशकाराला याहून शोभणारं आडनाव सापडणार नाही.

ताकभात: व्वा! हेच घेतो.

हिंदकळ: घेऊ नका. मोल्सवर्थ हे गाव आहे, इंग्लंडच्या हंटिंग्डनशरमधलं. १९७४ पासून ते केंब्रिजशरात मोडतं. १०८६ च्या डूम्सडे बुकातही, म्हणजे इंग्लंडच्या जमीन-पाहणीच्या दप्तरातही, ते आहे. मूल नावाच्या कुणाचा तरी 'वर्थ', म्हणजे कुंपण घातलेली वस्ती. लंडनच्या वॉन्ड्सवर्थमधला वर्थ तोच. आपण मूलवाडी म्हटलं असतं. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावतं? बाहेर पडला की तो मूलवाडीकर. त्यांच्याकडे 'कर'ऐवजी नावाआधी 'डी' असायचा, तो पुढे गळाला.

उंबरठा: मूल म्हणजे लेकरू. लेकराची वाडी!

हिंदकळ: खेचर हो, खेचर. जुन्या इंग्रजीत मूल म्हणजे खेचर. मुळात टोपणनाव असावं, पण राजालाही होतं. केंटच्या मूल राजाला लोकांनी ६८७ साली जाळून मारलं.

निवृत्त मास्तर: मोल्सवर्थ मोल्सवर्थ करताय, पण कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत मदतीला थॉमस कँडीही होता. मराठीत स्वल्पविराम रुजवला तो त्यानेच.

पाटावरवंटा: आणि १८२९ चा पंडितांचा मराठी-मराठी कोश? शास्त्र्यांनी आधीच शब्द गोळा केले होते, नाव साहेबाचं झालं.

निवृत्त मास्तर: साहेबाने १८३१ ला छापला तो मराठी-इंग्रजी. दोन्ही वेगळे. आधी वाचा.

पाटावरवंटा: वाचलाय. तुम्ही वाचलाय का?

ताकभात: मास्तर, भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. वाचनालयात पाच मिनिटं बोलायचंय, सुरुवातीला एक वाक्य हवं होतं.

निवृत्त मास्तर: हे आधी सांगायला काय झालं होतं?

उंबरठा: मोलवालं घ्या. टाळ्या पडतील.

हिंदकळ: पडतील. पण खोटं आहे.

ताकभात: दोन्ही सांगतो. आधी मोल, टाळ्या थांबल्या की खेचर.