मुलांच्या उच्च शिक्षणासाठी लवकर सुरू केलेली गुंतवणूक : आपले अनुभव

शेवंती
काल मुलीच्या महाविद्यालयाचे पहिले शुल्क भरले आणि ती रांगत असताना कागदावर मांडलेला हिशेब आठवला. दरमहा 100 याप्रमाणे अठरा वर्षे गुंतवले आणि वार्षिक 8 टक्के परतावा महिन्याच्या चक्रवाढीने मिळाला, तर पदरचे 21,600 घालून सुमारे 48,000 होतात. हीच सुरुवात मूल आठ वर्षांचे झाल्यावर दरमहा 200 ने केली, तर दहा वर्षांत 24,000 घालूनही हाती सुमारे 36,600 च येतात. तो कागद पाहून यजमानांनी पुढे कधीच 'नंतर बघू' म्हटले नाही. आपण काय केले, ते अवश्य लिहावे.

कोरा कागद
हिशेब अचूक आहे, पण अर्धाच आहे. 72 ला परताव्याच्या दराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे साधारण कळतात, म्हणजे 8 टक्क्यांनी अठरा वर्षांत एकरकमी पैसे चौपट होतात. मात्र शुल्कही दरवर्षी तेवढ्याच दराने वाढले, तर तेही चौपटच होते. म्हणून आम्ही दर पगारवाढीला हप्ता वाढवत गेलो. ठरलेला हप्ता अठरा वर्षे तसाच ठेवणाऱ्यांचे मला नवल वाटते.

बाकी शून्य
आमच्या चिरंजीवांनी शिष्यवृत्ती मिळवून आमच्या साऱ्या नियोजनावर पाणी फेरले. रक्कम आता पदव्युत्तर शिक्षणाची वाट पाहत आहे.

माळरान
@बाकी शून्य, असे पाणी सर्वांच्या नियोजनावर पडो!
आमच्या थोरलीचा प्रवेश 2009 चा. 2008 मध्ये जगभरचे शेअर बाजार कोसळले, तेव्हा तिच्या शुल्काची बहुतेक रक्कम मुदत ठेवीत होती, कारण प्रवेशाला तीन वर्षे उरल्यापासून आम्ही ती टप्प्याटप्प्याने समभागांतून काढत होतो. हे शहाणपण माझ्या ताईचे. धाकट्याचे पैसे मात्र समभागांतच राहू दिले. त्याला अजून बराच अवकाश होता.

उंबरठा
आमच्या घरी कमावणारी मी एकटीच, त्यामुळे साठा मोठा झाला नाही. निम्मे शुल्क त्यातून भरले आणि उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज काढले. निवृत्तीसाठी ठेवलेल्या पैशांना हात लावला नाही, आणि लेकाच्या डोक्यावरचे कर्ज निम्म्यावर आले, हेही मला पुरेसे वाटते.

नवी पालवी
शेवंतीताई, आमचे बाळ चार महिन्यांचे आहे. पैसे त्याच्या नावावर ठेवावेत की आमच्या?

शेवंती
आम्ही आमच्याच नावावर ठेवले. मुलाच्या नावावरच्या पैशांवर तो सज्ञान झाला की त्याचा हक्क येतो, आणि अठराव्या वर्षी दुचाकी महाविद्यालयापेक्षा जवळची वाटते.