मदत हवी आहे: पंप चालू झाला की आर्डुइनो बंद पडतो, आणि लेकरं काहीच लिहून ठेवत नाहीत

काळीमाती_परभणी
नमस्कार. घाईत लिहितेय. दहा दिवसांवर तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आलंय. आमच्या लेकरांनी माती सुकली की आपोआप पाणी सोडणारं यंत्र केलंय. ते चालवतो आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड. माती ओली असेपर्यंत सगळं ठीक. कोरडी झाली, पंप सुरू झाला, की क्षणात आर्डुइनो बंद पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मग पुन्हा पंप, पुन्हा बंद. प्रोग्राम तीनदा तपासला. सोमवारी हेच यंत्र नीट चाललं होतं, मी डोळ्यांनी बघितलंय. नंतर काय बदललं विचारलं तर एक म्हणतो वायर बदलली, दुसरा म्हणतो सेन्सर, तिसरी म्हणते आम्ही हातच लावला नाही. यंत्र कसं चालेल तेही सांगा आणि या लेकरांना नोंद ठेवायची सवय कशी लावू तेही सांगा. रागावून झालंय, उपयोग नाही.

शेंद्रा_कंट्रोल
मॅडम, पंपाला वीज कुठून दिलीय तेच लिहिलं नाही. पंप चालू-बंद करायला रिले आहे का ट्रान्झिस्टर? लेकरं कितवीची, किती जण?

लातूरवाला_बाबा
माझा मुलगा नववीत आहे. या वयात प्रदर्शनात महिना घालवला की फाउंडेशनचा, म्हणजे जेईई-नीटच्या तयारीचा अभ्यास मागं पडतो. लातूरला सगळे आत्तापासून बॅचला बसलेत. प्रदर्शन झालं की लेकरांना गणिताला बसवा.

नवा_प्रयोग
अटल टिंकरिंग लॅबसाठी अर्ज करा ना. नीती आयोगाची योजना आहे, सहावी ते बारावीसाठी, २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. थ्रीडी प्रिंटरसुद्धा येतो.

काळीमाती_परभणी
मला लॅब नको, दहा दिवसांत पंप चालायला पाहिजे. सातवी-आठवीची अकरा लेकरं आहेत. निळा चौकोनी रिले आहे. वीज बॅटरीवरून, दुसरी कुठून देणार? दुपारी शाळेत लाईट नसते.

शेंद्रा_कंट्रोल
कोणती बॅटरी? आणि पंप तिच्यावरच का?

काळीमाती_परभणी
९ व्होल्टची चौकोनी, खेळण्यात असते ती. हो, तिच्यावरच. बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेतून रिलेला, तिथून पंपाला.

शेंद्रा_कंट्रोल
मग सापडलं. ती बॅटरी थोडक्या करंटसाठी असते, मल्टिमीटरमध्ये घालतात ती हीच. मोटार सुरू होताना नेहमीच्या चालण्यापेक्षा कितीतरी पट करंट ओढते. बॅटरीचा दाब खाली बसतो, बोर्डाला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत, चिप रिसेट होते. सोमवारी बॅटरी नवी असेल, तोपर्यंत तिनं ओढलं. बोर्डाला वेगळी वीज द्या. पंपाला चार पेन्सिल सेल, ६ व्होल्ट. पंपावर डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा भाग) उलटा लावा, पांढरी पट्टी प्लसकडं.

वायरमन_जालना
आणि दोन्हीकडचं ग्राउंड, म्हणजे मायनसच्या वायरी, जोडायला विसरू नका, नाहीतर काहीच चालणार नाही.

शेंद्रा_कंट्रोल
दादा, रिलेचा संपर्क म्हणजे नुसतं बटण. पंपाचं सर्किट वेगळं राहिलं तरी चालतं. ट्रान्झिस्टर असता तर जोडावंच लागलं असतं.

वायरमन_जालना
मी वीस वर्षं जोडत आलोय, कधी बिघडलं नाही.

शेंद्रा_कंट्रोल
जोडल्यानं बिघडत नाही, पण न जोडल्यानं बंदही पडत नाही. लेकरांना चुकीचं कारण कळू नये म्हणून म्हणतोय.

फिटर_वाळूज
पंपाचं झालं, आता सवयीचं सांगतो. मी आयटीआयमध्ये शिकवलंय, आधी वाळूजला टूलरूममध्ये होतो. आमच्याकडं नवा पोरगा आला की त्याच्या हातात आधी लोखंडी तुकडा आणि कानस. चार दिवस घासायचं, मग गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून तुकडा उजेडाकडं धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. मी ‘चूक’ म्हणायची गरजच नसायची, पोरगं स्वतः बघायचं. रागावून सवय लागत नाही मॅडम, मोजमापानं लागते.

म्हणून बॅटरी तुम्ही बदलू नका. एका लेकराला मल्टिमीटर द्या, दुसऱ्याला वही. पंप बंद असताना बॅटरीचे व्होल्ट लिहा, पंप सुरू होताना लिहा. मग एकच गोष्ट बदला आणि पुन्हा लिहा. दोन बदल एकदम केले की कशानं सुधारलं ते कधीच कळत नाही. वहीत तारीख, काय बदललं, आधी किती, नंतर किती, कुणी बदललं, एवढंच. वही यंत्राला सुतळीनं बांधा, दप्तरात जाऊ देऊ नका.

मोकळी_शाळा
मला हे पटत नाही. वही आली की लेकरांना तो गृहपाठ वाटतो. त्यांना खेळू द्या, मोडू द्या, त्यातच शिकतात.

फिटर_वाळूज
ताई, मोडू द्याच. पण कशानं मोडलं ते कळलं नाही तर पुढच्या वेळी तसंच मोडेल. वहीला मार्क देऊ नका, लाल शाई लावू नका, एवढं मात्र तुमचं बरोबर.

पाबळ_पाहिलेला
विज्ञान आश्रमानं हेच केलं. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला सुरुवात केली. शाळेतली मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात, वेल्डिंग, वायरिंग, शेती. गावाला लागणारी कामं असली की मोजमाप आपोआप गंभीर होतं. प्रदर्शन संपलं की हे यंत्र कुणाच्या तरी परसबागेत बसवा.

लातूरवाला_बाबा
याचे मार्क कुठं धरतात पण?

काळीमाती_परभणी
तीन दिवसांनी लिहितेय. आठवीच्या एका मुलीनं मोजलं. पंप बंद असताना ८.१, सुरू होताना ५.३. तिनं तो आकडा दोनदा लिहिला, कारण पहिल्यांदा तिला खरा वाटला नाही. मग बाकीची दहाही वहीवर वाकली. बोर्डाला पॉवर बँक लावली, तर ती थोड्या वेळानं आपोआप बंद पडायची. हेसुद्धा वहीमुळं कळलं, कारण एकानं वेळ लिहिली होती. आता बोर्डाला मोबाईलचा चार्जर आणि प्रदर्शनात लाईटची सोय. पंपाला सेल. काल चार तास चाललं. ‘हात लावला नाही’ म्हणणारीनं आज स्वतःहून लिहिलं: ‘सोमवारी दुपारी मी पंपाची वायर बॅटरीवरून काढून बोर्डाच्या पिनेत लावली होती.’ म्हणजे सोमवारी सकाळी पंप थेट बॅटरीवर होता. मी रागावले नाही.

आता एकच: मातीत खोचतो त्या सेन्सरची एक पट्टी काळी-हिरवी पडलीय, दुसरी चांगली आहे. बदलू का?

शेंद्रा_कंट्रोल
बदला, पण तशीच लावू नका. ओल्या मातीत सतत करंट गेला की एकाच बाजूचा धातू झिजतो. सेन्सरची प्लसची वायर बोर्डाच्या एका डिजिटल पिनेला जोडा, मोजायचं तेवढ्यापुरती ती पिन चालू करा, मोजलं की बंद. दहा मिनिटांतून एकदा मोजलं तरी रोपाला पुरतं. आणि जुना सेन्सर फेकू नका, त्याच वहीत चिकटवा, खाली तारीख टाका.