शब्दचर्चा : ‘शेअरमेम’मध्ये नेमके सामाईक काय असते?

प्रश्न

डेल्फी या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेला प्रोग्रॅम आणि त्याला जोडलेली डीएलएल (प्रोग्रॅम चालू होताना किंवा चालू असताना जोडली जाणारी लायब्ररी) यांच्यातील देवाणघेवाणीवर मी विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणे लिहीत आहे. ‘मेमरी शेअर करणे’ यासाठी ‘मेमरी वाटून घेणे’, ‘सामाईक मेमरी’ आणि ‘सहभाजित स्मृती’ असे तीन पर्याय माझ्यासमोर आहेत. यांपैकी अर्थाला सर्वांत जवळचा कोणता? खिडक्या, बटणे, फॉन्ट यांचा कोड दोन्हीकडे एकच ठेवण्याविषयी लिहितानाही तोच शब्द चालेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

‘वाटून घेणे’ येथे टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीत वाटणी झाली की प्रत्येकाचा हिस्सा वेगळा होतो आणि एकाच्या हिश्श्यावर दुसऱ्याचा हक्क उरत नाही. भावाभावांत शेताची वाटणी होते, पण विहीर सामाईक राहते. आपल्या विषयात काहीही विभागले जात नाही, एकच वस्तू दोघांच्या उपयोगात असते, म्हणून ‘सामाईक’ हाच शब्द घ्यावा. ‘सामायिक’ असे लिहिण्यासही हरकत नाही, मात्र टिपणभर एकच रूप ठेवावे. ‘सहभाजित’मध्ये पुन्हा विभागण्याचाच अर्थ आहे, शिवाय तो शब्द कोणाच्या बोलण्यात नाही.

खरी अडचण मात्र विशेषणाची नसून ते कोणाला लावायचे याची आहे. शेअरमेम या डेल्फीच्या युनिटच्या (युनिट म्हणजे कोडची स्वतंत्र फाइल) नावावरून असा समज होतो की त्याच्यामुळे प्रोग्रॅम आणि डीएलएल यांची मेमरी सामाईक होते. ती आधीपासूनच सामाईक असते. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये डीएलएल तिला बोलावणाऱ्या प्रोसेसच्याच, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्याच, ॲड्रेस स्पेसमध्ये लोड होते, त्यामुळे प्रोग्रॅमने दिलेला पॉइंटर (मेमरीतील जागेचा पत्ता) तिला जसाच्या तसा वापरता येतो. वेगळा असतो तो मेमरी मॅनेजर, म्हणजे कोणता तुकडा वापरात आहे आणि कोणता मोकळा आहे याचा हिशेब ठेवणारा कोड. रनटाइम पॅकेजेस (प्रोग्रॅम आणि डीएलएल दोघांनी वापरायच्या कोडच्या वेगळ्या फाइली) वापरली नसतील तर डेल्फीचा कंपायलर हा कोड एक्झी फाइलमध्ये एकदा आणि डीएलएलमध्ये पुन्हा एकदा जोडतो, आणि एकाच घरात दोन स्वतंत्र हिशेब सुरू होतात.

समजा, डीएलएलमधील एक फंक्शन निकाल म्हणून स्ट्रिंग परत करते. त्या स्ट्रिंगसाठी जागा डीएलएलच्या मॅनेजरकडून घेतलेली असते. प्रोग्रॅममध्ये तिचे काम संपून संदर्भसंख्या (ती किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी) शून्यावर आली की ती जागा मोकळी करण्याचे काम प्रोग्रॅमच्या मॅनेजरकडे जाते, आणि त्याच्या हिशेबात असा तुकडाच नसतो. मग ‘इनव्हॅलिड पॉइंटर ऑपरेशन’ हा संदेश दिसतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे लगेच काहीच दिसत नाही आणि हीप (प्रोग्रॅम मागेल तशी जागा जेथून दिली जाते तो मेमरीचा भाग) बिघडल्यामुळे प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळतो. डीएलएलने आलेली स्ट्रिंग नुसती वाचली तर बहुधा काही बिघडत नाही, आणि म्हणूनच हा दोष चाचणीतून निसटतो.

शेअरमेम हे युनिट प्रोग्रॅममध्ये आणि डीएलएलमध्ये, दोन्हीकडे यूजेसच्या, म्हणजे वापरायच्या युनिटांच्या, यादीत पहिले लिहिले की दोघेही बोर्लंडएमएम या तिसऱ्या डीएलएलमधील एकाच मॅनेजरकडे जागा मागतात. पहिलेच लिहायचे, कारण त्याच्या आधीच्या एखाद्या युनिटने जुन्या मॅनेजरकडून जागा घेतलेली असेल तर हिशेब पुन्हा दुभंगतो. टिपणात म्हणूनच ‘सामाईक मेमरी’ असे न लिहिता ‘सामाईक मेमरी मॅनेजर’ असे पूर्ण लिहावे. शब्द लांब झाला तरी विद्यार्थ्याची दिशाभूल होत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी मी सहमत आहे आणि त्याला थोडी पार्श्वभूमी जोडतो. १९९५ सालच्या पहिल्या डेल्फीत हा प्रश्न जवळजवळ नव्हता, कारण तिची स्ट्रिंग जास्तीत जास्त २५५ अक्षरांची आणि ठरावीक आकाराची असे. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत हीपवर जागा घेणाऱ्या, संदर्भ मोजणाऱ्या लांब स्ट्रिंग आल्या आणि त्यांच्याबरोबर शेअरमेमची गरज निर्माण झाली. त्याच काळात विंडोजही बदलली होती. १६ बिटांच्या विंडोजमध्ये डीएलएलचा डेटा सेगमेंट सर्व प्रोग्रॅमना मिळून एकच असे. ३२ बिटांत प्रत्येक प्रोसेसला डीएलएलच्या ग्लोबल व्हेरिएबल्सची स्वतःची प्रत मिळते. डीएलएलमध्ये ग्लोबल व्हेरिएबल ठेवले की दोन चालू प्रोग्रॅम त्यातून एकमेकांशी बोलू शकतील ही समजूत त्या जुन्या रचनेतून आलेली आहे आणि ती आता सोडली पाहिजे.

दोन प्रोसेसमध्ये मेमरी खरोखर सामाईक हवी असेल तर क्रिएटफाइलमॅपिंग आणि मॅपव्ह्यूऑफफाइल ही विंडोजची फंक्शने वापरावी लागतात. ‘शेअर्ड मेमरी’ ही संज्ञा काटेकोरपणे तेथेच लागू होते, आणि ‘सामाईक मेमरी’ हा मराठी शब्द मी तिच्यासाठीच राखून ठेवीन. तेथे एकच भाग दोन प्रोसेसमध्ये वेगवेगळ्या पत्त्यांवर दिसू शकतो, त्यामुळे त्यात पॉइंटर साठवून उपयोग होत नाही. सुरुवातीपासूनचे अंतर साठवावे लागते.

तिसरा प्रतिसाद

खिडक्यांच्या कोडविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. येथे ‘सामाईक’पेक्षा ‘एकच प्रत’ हे शब्द मला अधिक अचूक वाटतात. रनटाइम पॅकेजेस न वापरता प्रोग्रॅम आणि डीएलएल बांधले तर वीसीएलची (खिडक्या, बटणे, फॉन्ट यांच्या डेल्फीतील तयार कोडची) एक प्रत प्रोग्रॅममध्ये आणि दुसरी डीएलएलमध्ये जाते. दोन्हींत टीफॉन्ट नावाचा क्लास असतो, पण डेल्फीतील ‘इज’ हा ऑपरेटर नाव पाहत नाही, क्लासचा मेमरीतील पत्ता पाहतो. त्यामुळे प्रोग्रॅमचा फॉन्ट डीएलएलमधील फॉन्टला असाइन करताना ‘कॅनॉट असाइन अ टीफॉन्ट टु अ टीफॉन्ट’ हा प्रसिद्ध संदेश येतो. तो निरर्थक वाटतो, पण अक्षरशः खरा आहे, कारण ते दोन निरनिराळे क्लास असतात. शेअरमेम जोडल्याने हा दोष जात नाही, कारण हिशेब एक झाला तरी क्लास दोनच राहतात.

याच कारणाने डीएलएलमधील मोडल नसलेल्या (म्हणजे उघडा असताना बाकीच्या खिडक्या अडवून न ठेवणाऱ्या) फॉर्मवर टॅबची कळ काम करीत नाही. संदेशांचे चक्र मुख्य प्रोग्रॅमच्या ॲप्लिकेशन ऑब्जेक्टकडे असते आणि त्याच्या वीसीएलला डीएलएलच्या खिडक्या आपल्या म्हणून ओळखता येत नाहीत. मोडल फॉर्म स्वतःचे चक्र चालवतो, म्हणून तो नीट चालतो. डीएलएलच्या ॲप्लिकेशनच्या हँडलमध्ये (विंडोजने खिडकीला दिलेल्या ओळखक्रमांकात) मुख्य प्रोग्रॅमचे हँडल भरण्याची रूढ युक्ती टास्कबार आणि खिडक्यांची मालकी यांपुरती उपयोगी पडते; क्लासची ओळख तिने एक होत नाही.

प्रश्नकर्तीचा पुन्हा प्रश्न

मग वीसीएलची एकच प्रत ठेवण्यासाठी १९९७ च्या तिसऱ्या डेल्फीपासून आलेली रनटाइम पॅकेजेस वापरली तर शेअरमेमचे काय होते? आणि ‘डायनॅमिक लायब्ररी’ला ‘गतिक ग्रंथालय’ म्हणावे का?

प्रतिसाद

प्रोग्रॅम आणि डीएलएल दोन्ही रनटाइम पॅकेजेसवर बांधले की, उदाहरणार्थ डेल्फी ७ मध्ये आरटीएल७० आणि वीसीएल७० या बीपीएल फाइलींवर, मेमरी मॅनेजरही त्यांच्यातूनच येतो आणि शेअरमेम वेगळे लागत नाही. अट एवढीच की दोन्ही एकाच आवृत्तीच्या कंपायलरने बांधलेले असावेत. डीएलएल दुसऱ्या भाषेतून बोलावली जाणार असेल तर हा मार्ग बंद होतो. तेव्हा बोलावणाऱ्यानेच बफर द्यावा आणि डीएलएलने त्यात पीचार (शून्याने संपणारी साधी अक्षरमाला) भरावा, किंवा वाइडस्ट्रिंग वापरावी, कारण तिची जागा विंडोजच देते आणि विंडोजच परत घेते.

‘गतिक ग्रंथालय’ मी लिहिणार नाही. ग्रंथालय म्हटले की वाचकाला पुस्तके आठवतात, आणि ‘गतिक’ने गतीचा बोध होतो, जो येथे मुळीच अभिप्रेत नाही. ‘डीएलएल’ हा शब्द स्त्रीलिंगी म्हणून रुळलेला आहे, तो तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात ‘प्रोग्रॅम चालू होताना किंवा चालू असताना जोडली जाणारी लायब्ररी’ असे एकदा सांगावे.