फर्नेसमधल्या 'मॅनिफोल्ड', 'ऑरिफिस', 'क्रॉसओव्हर'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा:
मी मिनेसोटात राहते. थंडीत भारतातून आईबाबा येतात, त्यांच्यासाठी घरच्या गॅस फर्नेसची माहिती मराठीत लिहून ठेवते आहे. गॅस कुठून येतो, बर्नरपर्यंत कसा पोचतो, यंत्र बंद पडलं तर तंत्रज्ञाला फोनवर काय सांगायचं, एवढंच. मॅनिफोल्ड, ऑरिफिस आणि क्रॉसओव्हर या तीन शब्दांपाशी अडले. फर्नेसला 'भट्टी' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद:
भट्टी नको. वीटभट्टी, चुन्याची भट्टी, लोहाराची भट्टी, सगळीकडे आगीत काहीतरी घालून भाजतात नाहीतर वितळवतात. घरच्या फर्नेसमध्ये ज्योत धातूच्या पोकळ नळ्यांत जळते. पंखा त्या नळ्यांच्या बाहेरून हवा फिरवतो आणि तीच गरम हवा खोल्यांत जाते. धूर वेगळ्या वाटेने घराबाहेर. 'भट्टी' वाचून आईंना वाटेल की खोलीत आगीवरून आलेली हवा येते, आणि त्या काळजीत पडतील. फर्नेसच लिहा, पहिल्यांदा येईल तिथे 'घर उबदार ठेवणारं यंत्र' अशी ओळख द्या.

मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या बर्नरपर्यंत गॅस नेणारी नळी, तिला 'वाटपनळी' म्हणता येईल.

प्रतिसाद:
गॅस शेगड्या दुरुस्त करणं हाच माझा धंदा, म्हणून लिहितो. ऑरिफिसला आम्ही जेट म्हणतो. पितळेचा छोटा तुकडा, मधोमध बारीक भोक, त्यातून गॅस बर्नरमध्ये जातो. कोशातलं 'रंध्र' वाचलं की कातडीच डोळ्यांपुढे येते. आईबाबांनाही जेट हा शब्द ओळखीचा असेल, कारण सिलिंडरवरून पाइप गॅसवर जाताना शेगडीचे जेट बदलावे लागतात. नैसर्गिक गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानाला एलपीजीच्या निम्म्याहून कमी उष्णता असते, म्हणून भोक मोठं लागतं. तिकडे फर्नेस नैसर्गिक गॅसवरून प्रोपेनवर (एलपीजीसारखाच टाकीतला गॅस) घेताना उलटं, भोक लहान करायचं. मोठंच राहिलं तर ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्यामुळे हा शब्द नेमका हवाच.

'वाटपनळी' मात्र मला पटत नाही. त्या नळीत गॅसचा दाब सगळीकडे जवळजवळ सारखा राहावा एवढंच तिचं काम. कोणत्या बर्नरला किती गॅस जाणार हे जेटचं भोक ठरवतं. ठिबक सिंचनाचं बघा ना, लॅटरल नळी पाणी आणून देते, पण झाडाला किती मिळणार ते ड्रिपरच्या हातात. गाडीच्या मेकॅनिककडेही मॅनिफोल्डच म्हणतात. तोच ठेवा.

विचारणा करणारी:
पटलं, जेट आणि मॅनिफोल्ड पक्के. क्रॉसओव्हर राहिला. आमच्या फर्नेसला चार बर्नर आहेत, ठिणगी फक्त पहिल्याजवळ. पुढच्या तिघांकडे ज्योत मधल्या फटींतून जाते.

प्रतिसाद:
'ज्योतवाट' लिहा. गंज नाहीतर धूळ साचली की ही वाट बुजते, आणि 'वाट बुजली' आपण म्हणतोच. बुजली की पुढच्या बर्नरवर न पेटलेला गॅस साचतो आणि उशिरा एकदम भपकन पेटतो. हा 'भप्' आवाज आईबाबांना नक्की सांगून ठेवा. तो ऐकू आला की थर्मोस्टॅट (भिंतीवरचं तापमान ठरवणारं उपकरण) बंद करून तंत्रज्ञाला बोलवायचं. ज्योत ओळखणारी कांडी बहुधा शेवटच्या बर्नरपाशी असते. तिथवर ज्योत पोचली नाही, तर यंत्र काही सेकंदांत गॅस तोडतं.

विचारणा करणारी:
एक उरलं. फर्नेसच्या पाटीवर मॅनिफोल्डमधल्या गॅसचा दाब '३.५ इंच पाणी' असा दिला आहे. हे मराठीत कसं लिहू?

शेगडीवाले:
'साडेतीन इंच पाण्याएवढा दाब' म्हणा. यू आकाराच्या काचनळीत पाणी घालून एक तोंड मॅनिफोल्डला जोडलं, की दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीत तेवढा फरक पडतो. म्हणजे सुमारे ८९ मिलिमीटर, जेमतेम पाच बोटं. प्रोपेनला साधारण १० इंच लागतात. आईबाबांच्या माहितीत आकडा नसला तरी चालेल, पण 'दाब तंत्रज्ञच तपासतो, व्हॉल्व्हच्या स्क्रूला हात लावू नये' हे वाक्य ठळक अक्षरांत घाला.