घुडखरांच्या मागे जीप कोणाच्या सांगण्यावरून पळवली?

सुनंदाकाकू (बी-३०२): सर्वांना नमस्कार. कच्छच्या छोट्या रणातून परतल्यापासून एक गोष्ट मनाला सलते आहे. शनिवारी दुपारी दुसरी जीप वाट सोडून घुडखरांच्या, म्हणजे रानगाढवांच्या, कळपामागे गेली, ती कोणाच्या सांगण्यावरून? कळपात काही महिन्यांचे शिंगरू होते. ते आईच्या मागे पडले, दोनदा अडखळले आणि धुळीत दिसेनासे झाले, हे आम्ही पहिल्या जीपमधून दुर्बिणीने पाहिले.

मंदार (ए-१०४): काकू, तुमचा मान राखून सांगतो, मी चालकाला फक्त ‘थोडे जवळ घ्या’ एवढेच म्हटले होते. घुडखर ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने धावू शकतो, जीप त्याला गाठूच शकत नाही.

शैलाताई (सी-२०१): पहाटे साडेपाचला निघायचे ठरलेले असताना आपण पावणेसातला निघालो. बजाण्याच्या पाणथळीवर पोहोचेपर्यंत कांड्या करकोच्यांचे थवे चरायला निघून गेले होते. याबद्दल कोणी बोलणार आहे का?

जोशीकाका (सचिव): शैलाताई, उशीर कोणामुळे झाला हे आपण सर्वजण जाणतो, त्यामुळे नावे घेत नाही. रोहित पक्षी मात्र मनसोक्त पाहायला मिळाले, हे आपण विसरू नये.

अप्पा (बी-१०१): मंदार, तो वेगाने धावतो म्हणून त्याला धावायला लावायचे का? १९६० च्या दशकात रोगराईने हा प्राणी इतका घटला होता की काही शेकडेच उरले होते. १९७३ मध्ये अभयारण्य झाले, जवळपास ४,९५४ चौरस किलोमीटरचे, आणि २०२४ च्या गणनेत संख्या ७,६७२ भरली. एवढ्या वर्षांनी जे सावरले आहे, त्याला आपण एका छायाचित्रासाठी दमवू नये.

मंदार: अप्पा, मला शिकार्‍यांच्या रांगेत बसवू नका. त्याच जीपमध्ये आणखी चौघे होते आणि कोणीही अडवले नाही.

शैलाताई: साडेपाच ठरले होते, पावणेसातला निघालो.

सुनंदाकाकू: मंदार, तू राग मानू नकोस. सकाळी बेटावर, म्हणजे रणातल्या त्या उंच गवताळ भागात, वाटाड्याने आपल्याला जीपमधून उतरवून चालत नेले होते, ते आठव. आखूड कानांचे घुबड झुडपाखाली जमिनीवरच बसले होते, आपल्यापासून फार तर दहा पावलांवर. पिवळे डोळे अर्धे मिटलेले आणि अंगावरच्या रेघा थेट वाळल्या गवतासारख्या. सातजण असूनही कोणी हूं की चूं केले नाही, आणि ते उडाले नाही. तेव्हा सर्वांत शांत तूच उभा होतास.

जोशीकाका: वाटेचा मुद्दा मलाही पटतो. पावसाळ्यात समुद्राचे आणि नद्यांचे पाणी भरलेले हे रण वाळले की वर पापुद्रा धरते, पण खाली चिखल ओलाच राहतो. एकदा चाक रुतले की चाकोरी पुढच्या पावसापर्यंत तशीच राहते. मी परत येताना खाली वाकून पाहिले, वीतभर खोल गेली होती.

सुनंदाकाकू: आणखी एक. संध्याकाळी ज्या अगरियांच्या झोपडीत आपण चहा घेतला, त्या बाईंनी मला विचारले, ‘ती पळणारी गाडी तुमचीच होती का?’ ते कुटुंब जमिनीतले खारे पाणी उपसून वर्षातले कितीतरी महिने मिठाच्या पाटावर राबते, आणि घुडखर त्यांच्या दारावरून जातात. मला ‘हो’ म्हणावे लागले.

शैलाताई: मी वेळेचे पुन्हा सांगते आहे, कारण आपण वेळेवर निघालो असतो तर दुपारी कोणालाच घाई झाली नसती.

अप्पा: शैला, हे मात्र तू खरे बोललीस.

मंदार: काकू, मी ते छायाचित्र आत्ता मोठे करून पाहिले. डाव्या कडेला धुळीत शिंगरू आहे आणि त्याचे तोंड कळपाच्या उलट दिशेला आहे. सोसायटीच्या दिनदर्शिकेसाठी दिलेले हे छायाचित्र मी मागे घेतो.

सुनंदाकाकू: त्याऐवजी घुबडाचे दे.