मदत हवी आहे: पट्ट्याच्या यादीत आमचं घरच नाही, सहा दिवस उरलेत (सांगली)

सांगलीची_सून
कुणीतरी लवकर सांगा. वस्तीत पट्ट्यांची, म्हणजे राहत्या जागेच्या हक्काच्या सरकारी कागदांची, यादी लागलीय, आमचं घर त्यात नाही. हरकतीला सहाच दिवस राहिलेत. ऑफिसात गेले तर म्हणतात, २०११ च्या आधीचा पुरावा आणा. कुठनं आणू? सगळे कागद २०१९ च्या पुरात गेले. रेशनकार्ड दाखवलं तर नवीन आहे म्हणून बाजूला सारलं. अर्ज कुणाकडं करायचा आणि सोबत काय जोडायचं, एवढंच सांगा.

मिरजेचा_अण्णा
जागा कुणाची आहे? सरकारी, महापालिकेची, गायरान की खाजगी मालकाची? हे कळल्याशिवाय कुणाला काही सांगता यायचं नाही.

दीड_गुंठा
ताई, सरळ गुंठेवारीत फाईल टाका. मी शामरावनगरच्या प्लॉटची तशीच केली. २००१ चा कायदा आहे, २०२१ ला सुधारणा होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरं त्यात घेतलीत. नकाशा काढून घ्या, शुल्क भरा, काम होतं.

मिरजेचा_अण्णा
गुंठेवारी म्हणजे खाजगी शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट. सरकारी जागेवरच्या घराला ती लागत नाही. सहातले दोन दिवस त्यांचे फुकट घालवू नका.

दीड_गुंठा
सरकारी जागा आहे असं त्यांनी कुठं लिहिलंय? आमच्याकडं बायका गुंठेवारीच्या दाखल्यालाही पट्टाच म्हणतात. मी चार वर्षं हेलपाटे घालून शिकलोय, ऐकीव सांगत नाही.

सांगलीची_सून
जागा आमचीच आहे. सासऱ्यांनी १९९८ ला शेड मारलं, मग विटांचं बांधलं. घरपट्टी पण भरतोय.

कोर्टाची_पायरी
मग पट्टा मागताच कशाला? बारा वर्षं निर्वेध ताबा असला की वहिवाटीनं मालक. दावा लावा.

निवृत्त_भूमापक
बारा वर्षं खाजगी मालकाविरुद्ध. सरकारविरुद्ध तीस लागतात, यांची अजून भरलेली नाहीत. शिवाय पट्ट्याला अर्ज केला म्हणजे जागा सरकारची आहे हे लिहून दिल्यासारखं होतं. एकीकडं अर्ज आणि दुसरीकडं मालकीचा दावा, हे एकत्र चालत नाही. आणि ताई, घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. महाभूलेखवर सातबारा फुकट दिसतो. त्यावर नाव कुणाचं आहे ते बघून सांगा. मोजणीला माणसं आली तेव्हा घरी कोण होतं, तेही सांगा.

सांगलीची_सून
बघितलं. महाराष्ट्र शासन लिहिलंय. गायरान असं कुठं नाही.
मोजणीच्या दिवशी मी बेदाणा निवडायला गेले होते, नवरा गाडीवर होता. सासूबाई पुढच्या दारी दिरांकडं बसल्या होत्या. घर एकच, मधे भिंत, दोन चुली. दिरांच्या दारावर लाल रंगानं नंबर घातलाय. आमच्या दाराला कुलूप होतं, तिथं काहीच नाही.

मिरजेचा_अण्णा
हे पहिल्यांदाच लिहायला हवं होतं! तुमचं घर नाकारलेलं नाही, मोजलेलंच नाही.

घरकुल_माहिती
पट्टा मिळाल्यावर प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतः घर बांधायला अडीच लाख मिळतात, केंद्राचे दीड आणि राज्याचा एक. खातं आधारशी जोडून ठेवा.

निवृत्त_भूमापक
आता नीट ऐका. हरकत ज्या कार्यालयानं यादी लावली तिथंच द्यायची. यादीच्या खाली सही कुणाची आहे ते बघा, त्यांच्याच नावानं अर्ज. त्यात दोन मागण्या ठेवा. एक, घर बंद असल्यानं मोजणी राहिली, ती फेर करावी. दोन, दोन्ही कुटुंबांची नोंद वेगळी घ्यावी. अर्ज तुम्ही आणि तुमचे मालक दोघांच्या नावानं करा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

पुराव्याचं म्हणाल तर लाईटबिलावर पुरवठा दिनांक छापलेला असतो. बिल कालचं असलं तरी कनेक्शन कधीचं ते त्यावरच दिसतं. निवडणूक शाखेतून २०११ च्या आधीच्या मतदार यादीची प्रमाणित नक्कल काढा. तुमचे मालक त्याच वस्तीतून शाळेत जात असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा घ्या, पत्ता असला तर उपयोगी पडेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. २००५ ला पाणी आलं होतं का तुमच्यात?

सांगलीची_सून
मी तेव्हा माहेरी होते. सासूबाई म्हणतात, पत्र्याला लागलं होतं. शाळेत राहिले होते सगळे. पाणी उतरल्यावर तलाठी आले, दारात उभं राहून लिहून घेतलं, सासूबाईंचा अंगठा घेतला. त्यावर धान्य मिळालं, पैसे मिळाले.

निवृत्त_भूमापक
मग तुमचा कागद सरकारकडंच आहे. २००५ चा पंचनामा आणि मदत वाटपाची यादी. पुरानं तुमची पेटी नेली, पण त्याच्या आधीच्या पुरानं तुमचं नाव दप्तरात लिहून ठेवलंय. तहसीलला माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. मुदत तीस दिवसांची असते, म्हणून उत्तराची वाट बघू नका. त्या अर्जाची पोच हरकतीला जोडा आणि पुरावा दाखल करायला वेळ मागा.

नदीकाठचा
पाणी पत्र्याला लागत असेल तर आधी निळी रेषा बघा. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा. तिच्या आत बांधकामाला बंदी असते, तिथंच पट्टा मिळणं अवघड. अलमट्टी धरणाचं पाणी वेळेत सोडलं असतं तर...

कर_भरणारा
आम्ही वीस वर्षं कर्जाचे हप्ते फेडून फ्लॅट घेतला. अतिक्रमण करणाऱ्याला फुकट जागा, हा कुठला न्याय?

मिरजेचा_अण्णा
तुमच्या फ्लॅटमधली भांडी घासायला, बाजारात हळदीची पोती उचलायला येणारी माणसं कुठं राहणार होती? त्यांना भाड्यानं खोली देणारं सांगलीत कोण होतं? फुकट म्हणजे ५०० चौरस फुटांपर्यंत कब्जेहक्काची रक्कम, म्हणजे जागेची किंमत, घेत नाहीत, बंगला देत नाहीत. आणि परवानगीशिवाय विकताही येत नाही.

पाटणचा_पुनर्वसित
कोयनेत आमच्या आज्याची जमीन गेली. जिथं वसवलं तिथला सातबारा अजून आमच्या नावावर नाही. ताई, मुदत सोडू नका. आमची माणसं "पुढच्या वेळी बघू" म्हणून घरी परतली, ती पुढची वेळ आलीच नाही.

सांगलीची_सून
आज हरकत दिली, पोच घेतली. माहिती अधिकाराचा अर्जही दिला. लाईटबिलावर पुरवठा दिनांक २००३ चा निघाला, इतकी वर्षं बिल भरतोय, कधी बघितलंच नव्हतं. फेरमोजणीची तारीख सांगतो म्हणाले, त्या दिवशी कामाला जाणार नाही. निळ्या रेषेचं नकाशात बघायला उद्या यांना पाठवते. काका, एकच राहिलं. २००५ च्या यादीत सासूबाईंचं नाव माहेरच्या आडनावानं लिहिलेलं निघालं तर काय जोडायचं?

निवृत्त_भूमापक
प्रतिज्ञापत्र. सासऱ्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची नक्कल पण काढून ठेवा.